तीन लाल टाके

८ जानेवारी

भिंगरीस, आजीकडून.

आशीर्वाद शेवटी देईन. आधी बोलणी खा.

नातीने विमा कचेरीतली नोकरी सोडली, आठ महिने गावोगाव भटकली आणि आता परक्या गावात खोली घेऊन धंदा थाटतेय, हे मला कधी कळावं? तर काल जेवताना. तुझा बाप माझ्याशी नाही, समोरच्या वाटीशी बोलला. म्हणाला, "तिने होम टेक्स्टाइलचा व्यवसाय काढलाय." मी म्हटलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "गृहवस्त्रं." मी म्हटलं, म्हणजे काय? शेवटी तुझी आई म्हणाली, "अहो आई, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे." मग तसं सांगा की. चादरीला चादर म्हटलं तर काय ती अंगावरून पळून जाणार आहे?

बाप रुसलाय तुझा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला रुसवा शोभत नाही, पण सांगणार कोण. त्याने तुला मुदत घातली तीही कळली. एप्रिल संपेपर्यंत एक धड मोठं काम मिळालं नाही, तर गाशा गुंडाळून घरी यायचं आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसायचं. साहेबांना सांगून त्याने खुर्ची राखूनही ठेवलीय. आणि तू हो म्हणालीस. आता शब्द दिलास तर पाळावा लागेल. या घरात शब्द परत घ्यायची सोय नाही. मी लग्नात एकदा प्रयत्न केला होता.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि तिसऱ्यांदा "काय?" म्हटलं की माणसं चिडतात. कागद चिडत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी तेवढं लिहिता येतं.

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या कापडखोलीत बसून चादरी शिवल्या. मला तरी चादरीत काही गंमत दिसली नाही. तुला कुठे दिसली ते लिही.

आशीर्वाद आहेतच. वेळेवर जेव.

आजी


१९ जानेवारी

आजी,

बोलणी पोचली, पोट भरलं. आता गंमत कुठे दिसली ते ऐक.

एका गावात एक रंगारी होता, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. मी विचारलं, हे कधी निघतं? म्हणाला, "मुलगी द्यायच्या आधी सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं. सासरे गेले, रंग आहे." त्या निळ्याचे मी पडदे करणार आहे. दुसरं गाव डोंगराच्या उतारावर होतं, घरावर घर पायऱ्यांसारखं चढलेलं. तिथे एका विणकर आजोबांना दिसत जवळजवळ नाही. नातू शेजारच्या खोलीत मागावर बसलेला, आणि हे इकडून चहा पिता पिता म्हणतात, "डावीकडे धागा तुटला." आवाजावरून. माझ्या चादरींच्या काठाला त्या गावाच्या पायऱ्या येतील.

पण खरी गंमत वेगळीच आहे. आठ महिन्यांत मी एकसष्ट वेगवेगळ्या बिछान्यांवर झोपले. कुठे मऊ, कुठे टणक, एका ठिकाणी तर नुसत्या फळ्या. आणि दर ठिकाणी आडवी झाले की मी न कळत एक गोष्ट शोधायचे. लाल पाखरू.

आठवतं का तुला? मी सात वर्षांची होते, मोठा ताप आला होता. उशी नको म्हणून मी ढकलून दिली होती. गाल चादरीवर, आणि नाकासमोर ते पाखरू. दोन तिरपे टाके म्हणजे पंख, एक आडवा टाका म्हणजे अंग. मी दिवसभर त्याच्याशी बोलायचे. तू ते माझ्यासाठी भरलं होतंस, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. तू तोंडाने कधी गोड बोलली नाहीस, पण टाका घातलास.

म्हणून माझ्या धंद्याचं नाव "लाल पाखरू". दोन मशिनं आहेत आणि एक मास्तर आहेत, जे दोनदा मापतात आणि चारदा कुरकुरतात. सोबत नमुन्याची चादर पाठवतेय. तपास. आणि ती जुनी चादर अजून असेल तर पाठव ना.

तुझी भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरीस,

चादर पाठवली. मधे विरलीय, उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं, पण आहे. टपालात टाकायला तुझा बाप गेला. आत काय आहे ते त्याने विचारलं नाही. दोरी मात्र तीनदा बांधली.

आता तुझा नमुना. कापड धुतल्याशिवाय बेतलंस. पहिल्या धुण्यात चार बोटं आत येईल आणि गिऱ्हाईक तुझ्या नावाने शंख करेल. आधी भिजव, वाळव, मग कात्री लाव. कोपरे कुत्र्याच्या कानासारखे दुमडलेत, ते मास्तरांना दाखव आणि ते कुरकुरले तर माझं नाव सांग. टीप सरळ आहे. काठाच्या पायऱ्या बऱ्या दिसतात. बऱ्या म्हणजे बऱ्या, उगाच हुरळू नकोस.

त्या पाखराचं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. तुझी आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, जुनी गोष्ट. का हसले ते आत्ता सांगत नाही. पण ती खूण कशावर लावायची आणि कुठे लावायची, ते लावण्याआधी मला विचार. विसरू नकोस.

तुला खोकला झालाय असं तुझी आई म्हणत होती. गेला का?

आजी


२१ मार्च

आजी,

काम मिळालं.

इथे तळ्याकाठी एक जुनं अतिथिगृह आहे. मालकीणबाई ते रंगवून पुन्हा उघडताहेत. चोवीस खोल्या. अठ्ठेचाळीस चादरी, शहाण्णव अभ्रे आणि सगळे पडदे. त्यांना तीन आठवड्यांत हवं होतं, आणि मी हो म्हणून बसले. त्यामुळे तुला विचारायचं राहिलं, रागावू नकोस. बाकी सगळं तू सांगितलंस तसं केलं. कापड आधी धुतलं. इतकं, की गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर आमचीच कापडं होती आणि एक शेजारी विचारायला आले, कोणाचं लग्न आहे?

पाखरू मी थोडं सजवलं. तीन टाके लांबून दिसत नाहीत ना, म्हणून मशिनवर पंख भरगच्च भरले, चोच काढली, डोळा काढला. चादरीच्या डोक्याकडच्या बाजूला एक आणि दर अभ्र्याच्या कोपऱ्यात एक. पाहुणा दमून आडवा झाला, की पहिलं त्याला ते दिसावं. मला दिसायचं तसं.

आज सगळा माल पोचवला. दहा एप्रिलला मालकीणबाई सगळ्या खोल्यांत अंथरुणं घालून बघतील आणि मग पसंत की नापसंत ते सांगतील. तोवर माझा एप्रिल टांगलेला आहे.

बाबांना सांग. नको, सांगू नकोस. हे पत्र नुसतं टेबलावर उघडं ठेव.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरीस,

पत्र टेबलावर ठेवलं. तुझ्या बापाने त्यावर चहाचा कप ठेवला, मग कप उचलून वाचलं, मग पुन्हा कप ठेवला. दुपारी तुझ्या आईला विचारत होता, चोवीस खोल्या म्हणजे केवढं असेल गं?

चांगलं केलंस. हे मी एकदाच लिहिते.

त्या अभ्र्यांबद्दल एक सांगायचं होतं. पण माल गेलाच म्हणतेस, तर आता राहू दे. बाहेरच्या माणसाला काय कळणार आहे.

आजी


११ एप्रिल

आजी,

बाहेरच्या माणसाला कळलं.

काल सकाळी मालकीणबाई आणि मी पहिली खोली उघडली. पडदे सुरेख, चादर ताठ, आणि दोन्ही उशा पायाशी. दुसरी खोली, उशा पायाशी. चोवीसच्या चोवीस खोल्यांत, आजी, उशा पायाशी. मालकीणबाई मला म्हणाल्या, "ही नवी पद्धत आहे का?" मला वाटलं, चेष्टा करताहेत. मग अंथरुणं घालणाऱ्या मावशींना बोलावलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लाल टाका म्हणजे पाय," म्हणाल्या. "वीस वर्षं हॉस्पिटलात अंथरुणं घातली मी. चादरीचा लाल टाका पायाकडे. आता बाई उशीवरही लाल टाका घालतात, तर उशी पायालाच ठेवायची असेल. मला काय, पाहुण्याचे पाय सुजलेले असतील."

मी म्हटलं, तो टाका नाही, पाखरू आहे. त्या म्हणाल्या, "चोच लावली म्हणून काय झालं? आमच्या कापडखोलीत एक बाई होती, तिने ही रीत घातली. स्वतः वॉर्डात येऊन बघायची, चादर उलटी दिसली की सगळ्यांसमोर काढायला लावायची. जिभेला हाड नव्हतं तिच्या."

त्या वर्णनावरून मी तुला तिथल्या तिथे ओळखलं. मावशींना सांगितलं नाही.

मालकीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "पायाची खूण पाहुण्यांच्या गालाखाली? आणि इथल्या सगळ्या बायकांना मावशींनी सांगून झालंय. सव्वीसला पाहुणे येताहेत. तोवर शहाण्णव अभ्रे साफ हवेत, नाहीतर सगळा माल उचल." आणि मी ते पंख इतके भरगच्च भरलेत, की एक उसवायला पाऊण तास लागतो. मास्तर म्हणाले, "मी शिवतो. उसवणं माझं काम नाही," आणि गावी निघून गेले. कालपासून मी दोन उसवले आणि एक फाडला.

तुला माहीत होतं. पहिल्या पत्रापासून. मला सांगितलं का नाहीस? मी अख्खा धंदा ज्याच्यावर उभा केला, ती नुसती पायाची खूण होती?

भिंगरी


१५ एप्रिल

भिंगरीस,

होय, माहीत होतं.

हॉस्पिटलात चादर दिवसाआड उलटीसुलटी व्हायची. काल ज्या टोकाला कोणाचे पाय होते, त्या टोकाला आज दुसऱ्याचं तोंड. मला ते बघवेना. मोठ्या नर्सबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, चादरीला काय डोकं-पाय असतात? मी म्हटलं, आता असतील. म्हणून पायाकडच्या काठाला तीन लाल टाके. दोन टाके धुण्यात निघतात, चौथा घालायला वेळ नसतो, म्हणून तीन. घरातल्या चादरींना तीच सवय. पंख नाही, पाखरू नाही. चोच तर नाहीच नाही. तू त्याची कोंबडी केलीस.

का बोलले नाही, ते विचारतेस. उभ्या जन्मात माझ्या शिवणाला कोणी पाखरू म्हटलं नव्हतं. बरं वाटलं. तेवढ्यासाठी गप्प बसले आणि तुझं नुकसान झालं. चूक माझी. मी हे फार वेळा म्हणत नाही, पत्र जपून ठेव.

आणि ती मावशी म्हणजे उंच, डावखुरी ना? तिने एकदाच उलटी चादर घातली होती. पुन्हा नाही.

आता दुसरी गोष्ट, ती नीट वाच. तापात तुला ती खूण नाकासमोर दिसायची, म्हणतेस. म्हणजे चादर उलटी घातली होती. मी घातली असती तर खूण तुझ्या पायाशी असती आणि तुला कधी दिसलीच नसती. त्या आठवड्यात मी कामावर होते, तुझी आई तिच्या आईच्या आजारपणात गेलेली. घरी रजा काढून तुझा बाप होता. तू घामाने भिजायचीस आणि तो चादर बदलायचा, दर वेळी उलटी. संध्याकाळी येऊन मी ओरडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी. तेव्हा पाखराबद्दल कोणाचे आभार मानायचे असतील, तर माझे मानू नकोस.

काल त्याने तुझं पत्र वाचलं. टेबलावर मी ठेवलं नव्हतं, त्याने माझ्या उशीखालून काढलं. मग कपाटातून माझी बारीक कात्री काढून बसला. लहानपणी माझ्यासोबत जुन्या चादरी उसवायचा तो, धागा न तोडता अख्खा काढायचा. त्याला चार दिवसांची रजा मिळालीय, तो म्हणतो दहा घेईन. परवा पोचेल. दोन चष्मे दिलेत. उसवायला दे, शिवायला अजिबात देऊ नकोस.

उसवलं की भोकं दिसतील. घाबरू नकोस. कोमट पाण्यात घाल, ओलं असतानाच नखाने आडवं-उभं घास. भोक मिटतं. चादरींना हात लावू नकोस, त्या मावशीने बरोबर घातल्यात.

मुदत मोडली असं समजून रडत बसू नकोस. एप्रिलला तीस दिवस असतात.

आजी


२८ एप्रिल

आजी,

बाबा आले ते पिशवी ठेवून सरळ खिडकीपाशी बसले. "अभ्रे कुठे आहेत?" एवढंच म्हणाले. पहिल्या दिवशी आम्ही फक्त "कात्री दे", "उजेड सोड" एवढंच बोललो. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. खरंच, धागा अख्खा निघतो त्यांच्या हातून. ते उसवत, मी भिजवून घासत होते. तू सांगितलंस तशी भोकं मिटली.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाबा, माझ्या तापात चादरी तुम्ही घालायचात?"

"मग कोण? अकरा बदलल्या होत्या एका दिवसात."

"उलट्या घालायचात."

त्यांनी अभ्रा खाली ठेवला. "कोरड्या होत्या ना?" म्हणाले, आणि पुन्हा उसवायला लागले.

त्यानंतर मला बराच वेळ टाका दिसत नव्हता. तू म्हणशील, चष्मा लाव.

पंचवीसला शहाण्णव अभ्रे इस्त्री करून दिले. जो फाडला होता, त्याच्याऐवजी नवा. मी मालकीणबाईंना सगळं खरं सांगितलं. तुझी कापडखोली, तीन टाके, पाय आणि तोंड. त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस? बाहेर झोपताना मी स्वतः चादर हुंगून बघते." मग आम्ही दर बिछान्यावर एक चिठ्ठी ठेवली. मजकूर तुझा: "लाल पाखरू पायाकडे. काल जिथे कोणाचे पाय होते, तिथे आज तुमचं तोंड येणार नाही." अक्षर बाबांचं. कचेरीतलं ते मोत्यासारखं अक्षर पहिल्यांदा बिछान्यावर आलं. पाहुणे चिठ्ठी वाचतात आणि आधी पाय बघतात, म्हणे.

अंथरुणं घालायलाही बाबा गेले. नऊ नंबरच्या खोलीतून मावशींचा आवाज आला, "अहो साहेब, खूण दिसत नाही का? एवढी चोच आहे तिला." समोर खूण असून बाबांनी चादर उलटी घातली होती. मावशींनी सगळ्यांसमोर काढायला लावली. मी त्यांना तेव्हा सांगितलं, हे कापडखोलीतल्या बाईंचे चिरंजीव. मावशींनी कपाळाला हात लावला आणि मग आपणहून चहा आणला.

मालकीणबाईंनी पसंत म्हटलं. त्यांच्या बहिणीच्या अतिथिगृहाचं कामही मला दिलं. यापुढे चोच नाही, डोळा नाही. तीन टाके, फक्त चादरीला, फक्त पायाकडे. नाव "लाल पाखरू"च ठेवणार आहे. तुला चालत नसलं तरी.

बाबांनी काल कचेरीत फोन केला. मी बाहेर होते, पण दार उघडं होतं. "साहेब, ती खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी द्या," म्हणाले. मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं. बाबा म्हणाले, "होम टेक्स्टाइल." थोडं थांबले आणि म्हणाले, "म्हणजे चादरी."

तुझ्यासाठी त्यांच्याबरोबर एक जोड पाठवतेय, तुझ्या हातची खूण मी हाताने घातलीय. दोष काढून कळव.

भिंगरी


७ मे

भिंगरीस,

जोड मिळाली. कापड धुऊन बेतलंय, कोपरे नीट बसलेत, टाके पक्के आहेत. एक दोष काढायचा म्हणून दोन दिवस शोधला. शिवण उगाच फार बारीक आहे. एवढाच.

तुझा बाप आल्यापासून भेटेल त्याला अतिथिगृहाची गोष्ट सांगतो. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच सांगतो. नऊ नंबरच्या खोलीचा भाग वगळतो. तो मी पुरवते.

परवा कंबर धरली म्हणून मी बाजेवरून उठले नाही. तुझी आई कामावर गेलेली. तुझ्या बापाने मला खुर्चीत बसवलं आणि तुझी नवी चादर घातली. चांगली ताणली, सुरकुती नाही. मग मला हाताला धरून आडवं केलं. मी कुशीवर वळले तर नाकासमोर तीन लाल टाके.

इतकी वर्षं मी ते घालतेय, पण माझे सगळे पायाशी गेले. एवढ्या जवळून, आडवं पडून कधी पाहिले नव्हते. दोन तिरपे, एक आडवा. एक डोळा मिटला तर पंख हलल्यासारखे वाटतात.

उलटी घातलीस म्हणून ओरडणार होते. तो दाराशी उभा राहून विचारत होता, "आई, बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, आहे. जा आता, चहा टाक.

आजी